चिडवा खुशाल, पण ‘ब’ संघाच्या पोरांना सोडा

शाहू स्टेडियमवर पहिली शिट्टी वाजायच्या कितीतरी आधी कोल्हापुरातल्या पेठांमध्ये फुटबॉलचा हंगाम सुरू झालेला असतो. नोंदणीच्या दिवसांत कोण कुठल्या तालमीकडं गेला, कुणी कुणाला फोडलं, यंदा परदेशातनं कोण येणार, यावर कट्ट्याकट्ट्यावर खल चालतो. त्यातच कुणीतरी म्हणतं, ‘‘यंदा तुमच्या ‘अ’पेक्षा आमचा ‘ब’ बरा,’’ आणि मग तासभर कुणी जागचं हलत नाही. पाटाकडील, दिलबहार, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण, खंडोबा, बालगोपाल ही तालमींच्या संघांची नावं ऐकतच जे मोठे झाले, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

तेव्हा आधीच सांगून टाकतो. चिडवू नका, असं मी म्हणणार नाही. असं सांगणाऱ्याला या गावात कुणी चहा विचारणार नाही, आणि विचारूही नये. समोरची तालीम हरली की आपल्याला बरं वाटतं, आपली हरली की त्यांना बरं वाटतं, आणि दुसऱ्या दिवशी मिसळीच्या टेबलावर त्याचा हिशेब होतो. हा हिशेब होत नसता तर निम्मे लोक मैदानाकडं फिरकलेही नसते. माझं मागणं छोटं आहे. पदाधिकाऱ्यांची खेचा, प्रशिक्षकाची खेचा, भरपूर पैसे मोजून आणलेल्या आणि तरीही रिकामा गोल चुकवणाऱ्या स्ट्रायकरची तर जरूर खेचा. फक्त ‘ब’ संघातून खेळणाऱ्या सतरा-अठरा वर्षांच्या पोरांना त्यातून वगळा. आणि ज्याची खेचायची त्याची माहिती घेऊन खेचा.

माहितीचं आधी बोलू. आपल्याकडची कितीतरी पोरं शनिवार-रविवारी रात्री जागून मँचेस्टर आणि लिव्हरपूलसाठी एकमेकांशी भांडतात, म्हणून दाखलाही तिकडचाच घेतो. २६ मे १९९९ ला मँचेस्टर युनायटेडनं बार्सिलोनात बायर्न म्युनिकला भरपाई वेळेतल्या दोन गोलांनी हरवलं आणि एकाच हंगामात तीन मोठ्या स्पर्धा जिंकल्या. त्याच गावातली मँचेस्टर सिटी तेव्हा इंग्लंडच्या तिसऱ्या श्रेणीत होती. चार दिवसांनी, ३० मे रोजी, वेम्ब्लीवर गिलिंगहॅमविरुद्ध ती दोन गोलांनी मागं पडली, शेवटच्या काही मिनिटांत दोन्ही गोल फेडले आणि पेनल्टींवर जिंकून कशीबशी दुसऱ्या श्रेणीत चढली. एक संघ युरोप जिंकतोय, दुसरा गिलिंगहॅमशी झगडतोय! युनायटेडवाल्यांनी त्या काळात सिटीवाल्यांचं काय केलं असेल, याची कल्पना करा.

त्यांनी पुढं ओल्ड ट्रॅफर्डच्या स्टँडवर एक फलकच लावला. सिटीनं शेवटचा करंडक १९७६ मध्ये जिंकला, त्याला किती वर्षं झाली, तेवढा आकडा त्यावर. दर वर्षी आकडा बदलायचा. शिवी नाही, कुणाच्या आईबापाचा उद्धार नाही, फक्त आकडा, आणि समोरच्याला झोप येऊ नये एवढं त्याचं काम. मला विचाराल तर चिडवण्याचा याहून चांगला नमुना सापडणं कठीण. १४ मे २०११ ला युनायटेडनं एकोणिसावं लीग विजेतेपद नक्की केलं, आणि त्याच दिवशी सिटीनं एफए कप जिंकला. फलक उतरवावा लागला. पुढं २०२३ मध्ये सिटीनंही त्याच तीन स्पर्धा एका हंगामात जिंकल्या, आणि आता वर्षं मोजायची पाळी युनायटेडवाल्यांची आहे. २०१३ नंतर त्यांना लीग जिंकता आलेली नाही. आकडे मोजणाऱ्याचेही आकडे मोजले जातात, एवढं लक्षात ठेवून खुशाल मोजा.

आणि बरोबर मोजा. २७ एप्रिल १९७४ ला ओल्ड ट्रॅफर्डवर सिटीकडून डेनिस लॉ खेळत होता. त्यानं अकरा वर्षं युनायटेडसाठी घालवली होती. त्यानं टाचेनं मारलेला चेंडू जाळ्यात गेला आणि सिटी १-० जिंकली. युनायटेडला युनायटेडच्याच जुन्या हिरोनं खालच्या श्रेणीत घातलं, असं आजही छातीठोकपणे सांगितलं जातं. ऐकायला झकास आहे. पण त्या दिवशीचे इतर निकाल असे लागले की लॉनं गोल केला नसता तरी युनायटेड खाली गेलीच असती. लॉनं तो गोल साजराही केला नाही, लगेच त्याला बदलण्यात आलं आणि तो मान खाली घालून बाहेर पडला. आपल्याकडं जुन्या फायनलींच्या अशा किती कहाण्या फिरतात! अमक्यानं मुद्दाम पेनल्टी घालवली, तमक्यानं पैसे खाल्ले. ज्यांनी ते सामने बघितले ते म्हातारे अजून पेठेत बसलेले असतात. स्टेटस ठेवायच्या आधी त्यांच्यापैकी एकाला विचारायला काय लागतं?

आता ‘ब’ संघ. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या (केएसए) लीगमध्ये काही तालमींचे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन-दोन संघ आपण बघत आलोय. ‘ब’ संघ सहा गोलांनी हरला की समोरचे ओरडतात, ‘‘अरे, घरी जा, आईला सांगा दूध द्यायला!’’ टाळ्या पडतात, मीही कधी हसलो असेन. पण मग त्या पोराचं नाव घेऊन, त्याच्या चुकीचा व्हिडिओ कापून, त्यावर गाणं चढवून रात्रभर तो फिरवला जातो, आणि तिथं माझं हसू थांबतं. त्याला तिथं शिकायलाच पाठवलेलं असतं. न चुकता जो खेळतो तो ‘ब’ संघात कशाला थांबेल?

लिव्हरपूलवाल्यांना १७ डिसेंबर २०१९ ही तारीख आठवत असेल. मोठा संघ क्लब विश्वचषकासाठी कतारला गेला होता आणि लीग कपचा सामना नेमका तिथल्या सामन्याच्या आदल्या दिवशी. क्लबनं ॲस्टन व्हिलासमोर पोरांचा संघ उतरवला. ५-० हरले. जगभर हसं झालं. गोलमध्ये क्वीव्हीन केलेहर होता, पाच वेळा चेंडू जाळ्यातनं काढणारा. बाजूनं पळत होता सोळा वर्षांचा हार्वे इलियट. आता पुढं बघा. २७ फेब्रुवारी २०२२ ला त्याच लीग कपच्या फायनलमध्ये चेल्सीविरुद्धचा सामना पेनल्टींवर गेला. इलियटनं आपली पेनल्टी मारली. दहा-दहा झाल्यावर गोलरक्षक केलेहर स्वतः मारायला आला, त्यानं चेंडू जाळ्यात घातला, आणि चेल्सीच्या गोलरक्षकाचा फटका बारवरून गेला. ११-१०. दोन वर्षांनी, २५ फेब्रुवारी २०२४ ला, पुन्हा तीच फायनल, पुन्हा चेल्सी. निम्मा संघ जायबंदी, म्हणून प्रशिक्षक क्लॉपनं डॅन्स, मॅकॉनेल, क्लार्क, क्वान्सा अशी अकादमीची पोरं मैदानात सोडली. ११८व्या मिनिटाला व्हॅन डाइकनं डोक्यानं गोल मारला आणि चेल्सीचा महागडा संघ रिकाम्या हातानं परतला. व्हिलाच्या त्या रात्री ज्यांनी खदाखदा हसून घेतलं, त्यांच्याकडं पुढं बोलायला फारसं काही उरलं नाही.

स्पेनमध्ये तर ‘ब’ संघांचा थाटच निराळा. रियाल माद्रिदचा दुसरा संघ कास्तिया १९८० मध्ये पहिल्या श्रेणीतल्या एकेका क्लबला घरी पाठवत राजाच्या चषकाच्या फायनलपर्यंत पोचला, आणि तिथं समोर कोण, तर रियाल माद्रिदच. ६-१ हरले, पण मोठा संघ लीगही जिंकला होता म्हणून पुढच्या हंगामात चषकविजेत्यांच्या युरोपीय स्पर्धेत कास्तिया खेळली, आणि पहिल्या सामन्यात तिनं वेस्ट हॅमला ३-१ हरवलं. १९८४ मध्ये कास्तियानं दुसरी श्रेणी जिंकली, तरी वर जाता आलं नाही, कारण एकाच क्लबचे दोन संघ एका श्रेणीत चालत नाहीत. पहिले येऊनही तिथंच राहायचं! बार्सिलोनाचा ‘ब’ संघ २००७-०८ मध्ये चौथ्या श्रेणीत होता. प्रशिक्षक ग्वार्डिओला, पोरांत बुस्केट्स आणि पेद्रो. दोनच वर्षांनी विश्वचषकाच्या फायनलमध्ये स्पेनच्या पहिल्या अकरांत हे दोघे होते.

एवढ्या लांब कशाला जायचं? आपला अनिकेत जाधव २०१७ ला भारताकडून सतरा वर्षांखालील विश्वचषक खेळला. फुटबॉलच्या विश्वचषकात भारत पहिल्यांदा उतरला तो हाच. भारतानं तिन्ही सामने गमावले, अमेरिकेकडून ३-०, कोलंबियाकडून २-१, घानाकडून ४-०. मग त्या पोरांना एकत्र ठेवून इंडियन ॲरोज या नावानं आय-लीगमध्ये उतरवलं. मोठ्या माणसांच्या लीगमध्ये अठरा वर्षांची पोरं, साहजिकच शेवटच्या क्रमांकावर. एका अर्थी तो साऱ्या देशाचा ‘ब’ संघच होता, आणि त्याची टिंगल करणारेही देशभर होते. त्याच पोरांमधून जॅक्सन सिंग, सुरेश वांगजम, अन्वर अली पुढं भारताच्या वरिष्ठ संघात आले. अनिकेत आयएसएलमध्ये जमशेदपूर, हैदराबाद, ईस्ट बंगाल अशा क्लबांकडून खेळला. त्या शेवटच्या क्रमांकाच्या हंगामात कोल्हापुरातल्या कुणी त्याला शिव्या दिल्या असतील, असं वाटत नाही. आपला म्हणून आपण त्याला सांभाळून घेतला. मग समोरच्या पेठेतलं पोरगं तरी परकं कसं? त्याची शाळा तुमच्या पोराचीच, त्याचा क्लासही तोच. आणि हे तर तुम्हीच बघताय की यंदा त्या तालमीच्या ‘ब’मध्ये असलेला पुढच्या नोंदणीत तुमच्या ‘अ’मध्ये असू शकतो. तेव्हा त्याचा तो व्हिडिओ कुठं लपवाल?

तरीही जीभ वळवळत असेलच, तर योग्य जागी वळवावी. इंग्लंडमध्ये २०१६ साली खालच्या दोन श्रेणींतल्या क्लबांच्या करंडक स्पर्धेत मोठ्या क्लबांच्या अकादमी संघांना घुसवलं. छोट्या क्लबांचे पाठीराखे भडकले. ही आमची स्पर्धा, तुमच्या पोरांच्या सरावासाठी का, हा त्यांचा सवाल. राग रास्त होता. पण समोर खेळणाऱ्या पोरांवर तो न काढता त्यांनी तिकिटंच घेतली नाहीत. स्टँड ओस पडले आणि निर्णय घेणाऱ्यांना उत्तरं द्यावी लागली. आपल्याकडंही एखाद्या तालमीनं ‘ब’ संघाला सराव नीट दिला नाही, किंवा पोरांना पुढं करून स्वतः हात झटकले, तर बोला की. पण बोला ते तालमीच्या कार्यालयात बसलेल्यांना.

आणखी एक गोष्ट, जी पाठीराखे विसरतात. समोरचा संघ बुडावा असं म्हणता म्हणता तो खरोखर बुडाला तर? गोव्याकडं बघा. आय-लीगची पहिली सहा विजेतेपदं, २००७-०८ ते २०१२-१३, सगळी गोव्यात गेली. डेंपोला तीन, चर्चिल ब्रदर्सना दोन, साळगावकरांना एक. फातोर्ड्याच्या स्टेडियमवर डेंपोवाला आणि चर्चिलवाला एकमेकांना काय काय ऐकवत असतील! पण २०१६ मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि डेंपो, तिघेही राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. चर्चिलवाल्यानं मग कुणाला डिवचायचं? डेंपो अलीकडं आय-लीगमध्ये परतली, ही आनंदाची गोष्ट, तिच्या जुन्या वैऱ्यांसाठी तर जास्तच. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडला ते नशीब लाभलं नाही. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणारा हा संघ २०१० मध्ये कायमचा बंद झाला. आपल्याकडं एखाद्या तालमीचा संघ पैशावाचून अडलाय असं कानावर आलं, तर त्यावर टोमणा मारण्याआधी थोडं थांबा. पुढल्या वर्षी ती तालीम नसेल, तर तुमच्या जिंकण्याला विचारणार कोण?

काही विषयांना मात्र हातच लावायचा नाही. जात, धर्म, आईबहीण, आणि बाहेरदेशातनं आलेल्या खेळाडूचा रंग. हा खेळाडू घर सोडून हजारो मैलांवर आपल्या पेठेत भाड्याच्या खोलीत राहतो, आपल्या तालमीसाठी पाय मोडून घेतो. तो चुकला तर त्याच्या पासवर बोला, नेमबाजीवर बोला. माकडाचे आवाज काढणाऱ्याला त्याच्याच शेजाऱ्यानं तिथल्या तिथं गप्प करावं, पोलिसांची वाट बघू नये.

मेलेल्यांवरही विनोद नकोत. इंग्लंडमध्ये युनायटेडवाल्यांना १९५८ च्या म्युनिक विमान अपघातावरून आणि लिव्हरपूलवाल्यांना हिल्सबरोत चेंगरून मेलेल्या ९७ जणांवरून गाणी म्हणून डिवचलं जातं. मार्च २०२३ मध्ये दोन्ही क्लबांच्या प्रशिक्षकांनी, क्लॉप आणि टेन हाग यांनी, सामन्याच्या आदल्या दिवशी एकत्र विनंती केली की हे थांबवा. दुसऱ्या दिवशी लिव्हरपूल ७-० जिंकली. सात गोल! वर्षभर पुरेल एवढा मसाला एका दुपारी मिळाला, मेलेल्यांना उकरायची गरजच काय होती?

भांडण हाताबाहेर गेलं तर काय होतं, हे कोलकात्याला विचारा. १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर मोहन बागान-ईस्ट बंगाल सामन्यात स्टँडमध्ये हाणामारी झाली, चेंगराचेंगरी झाली आणि १६ प्रेक्षक गेले. सामना बघायला घरून निघालेली माणसं. तिथं आजही तो दिवस त्यांच्या नावानं पाळतात. त्याच कोलकात्यात ईस्ट बंगाल जिंकली की हिलसा आणि मोहन बागान जिंकली की कोळंबी, अशी मासळीबाजारातली चिडवाचिडवी पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तरुण डॉक्टरच्या हत्येनंतर शहर पेटलेलं असताना डर्बी रद्द झाली, तेव्हा दोन्ही क्लबांचे पाठीराखे आपापल्या जर्सीत एकत्र येऊन स्टेडियमबाहेर निषेधाला उभे राहिले. एकमेकांना चिडवता येतं म्हणूनच कदाचित एकमेकांना ओळखत होते.

आपल्या स्टेडियमवरही बाटल्या उडाल्यात, दगड आलेत, सामने थांबलेत. पेठेतल्या पोरांना यात एकच व्यवहाराची गोष्ट सांगतो, उपदेश नाही. तुमच्यातले कितीजण पोलीस भरतीची, लष्कर भरतीची तयारी करताय? पहाटे उठून पळताय, तालमीत घाम गाळताय. दंगलीचा एक गुन्हा नावावर लागला की चारित्र्य पडताळणीत तो पुढं येतो. पासपोर्टला अडतो. वकिलाचे पैसे बापाला भरावे लागतात. ज्या तालमीसाठी तुम्ही बाटली फेकली, ती तालीम तुमच्या वतीनं तारखांना येऊन उभी राहीलच, याची खात्री नाही. आणि मोबाईलवर लिहिलेलंही पुराव्यात येतं, रात्री बाराला लिहिलं म्हणून माफ होत नाही.

तालमीच्या जाणत्या मंडळींनीही आपल्याकडून थोडं करावं. हंगामाच्या आधी आपल्या पाठीराख्यांना एकदा बसवा आणि सांगा की आपल्या किंवा समोरच्या ‘ब’ संघातल्या कुठल्याही पोराचं नाव घेऊन काही फिरलं, तर ते काढून टाकायची जबाबदारी आपली. घोषणा कुणाच्या आहेत हे मैदानात बसलेल्या प्रत्येकाला कळतं, तेव्हा ‘ते आमचे नव्हेत’ ही सबब कुणी मान्य करत नाही. समोरच्या तालमीच्या प्रमुखाचा फोन तुमच्याकडं असतोच. सामन्याच्या आदल्या दिवशी एक फोन करा. क्लॉप आणि टेन हाग यांना जमलं ते दोन पेठांच्या म्होरक्यांना जमेल.

आणि शेवटचं. आपण सगळे मोठ्या सामन्याला गर्दी करतो, पण ‘ब’ संघ दुपारच्या उन्हात खेळतो तेव्हा स्टँडमध्ये त्यांचे आईबाप आणि दोन-चार मित्रच असतात. यंदा एका दिवशी तेव्हाही या. समोरच्या तालमीचा ‘ब’ खेळत असला तरी या. दहा नंबरचं पोरगं कुणाचं, डाव्या पायानं मारणारा तो बॅक कुठल्या गल्लीतला, हे शेजारी बसलेल्याला विचारा. तो समोरच्या तालमीचा असला तर जास्तच बरं, नावं त्याला पाठ असतील. मग चार वर्षांनी त्यातला एखादा तुमच्या जाळ्यात गोल मारेल, तेव्हा तुम्हाला म्हणता येईल, ‘‘हा लहान होता तेव्हा आम्हीच बघितलाय, ‘ब’मध्ये खेळायचा, तेव्हाही तुमचा संघ काही खास नव्हता!’’